चाळीस केसांची जबाबदारी

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे आणि तो पाळण्यात झोपलेला आहे. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा वय चार महिने, पत्रिकेतलं नाव लांबलचक, हाक मारायची ती चिऊ. चिऊच्या डोक्यावरचे केस मी एका दुपारी ती झोपलेली असताना मोजले. उशीला घासून गुळगुळीत झालेली मागची बाजू सोडली तर चाळीसच्या आसपास भरले. त्यातले सहा-सात टाळूवर ताठ उभे राहतात आणि पंख्याच्या वाऱ्यावर माना डोलावतात. या चाळीस केसांना कोणता शाम्पू लावायचा हे ठरवायला घरची बैठक बसली, ती सतरा दिवस चालली.

बैठकीला मी हजर असायचो, पण मला मत नव्हतं. कारण मी केमिस्ट आहे.

हे वाक्य छापताना चुकलेलं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. बाटलीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून त्याचा अर्थ सांगू शकेल असा या घरात मी एकटा. आणि नेमकं तेच माझ्या विरुद्ध गेलं. "बाबा, तुमचं सगळं आयुष्य केमिकलमध्ये गेलं," मधुरा, आमची सून, अगदी मायेनं म्हणाली, "तुम्हाला आता त्याचं काही वाटत नाही." निखिलनं, आमच्या मुलानं, मान हलवली. सौभाग्यवतींनीही हलवली. एकतीस वर्षं माझे शर्ट त्यांनी धुतले आहेत, त्यामुळे त्यांच्या मान हलवण्याला पुराव्याचं वजन आहे.

तज्ज्ञ म्हणून मग कोण? तर आमच्या टॉवरमधल्या आयांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'सी विंग मम्माज'. त्यावर रात्री दोन ते चार या वेळात, म्हणजे बाळं जागी असताना, देशातलं सर्वांत गंभीर रसायनशास्त्र चालतं. 'सल्फेट म्हणजे गाडी धुवायचं केमिकल' हा सिद्धांत तिथे पावणेतीनला मांडला गेला आणि तीन वाजता सर्वानुमते मंजूर झाला.

डायनिंग टेबलावर पाच बाटल्या रांगेत उभ्या होत्या. जेवताना आम्ही त्या एका बाजूला सारायचो, जेवण झालं की पुन्हा मधोमध आणायचो. दोन पोपटी, तीन मातकट. पाचांवरही पान होतं. एकीवर पान आणि थेंब. एकीवर पान, थेंब आणि एक बाळ, ज्याच्या डोक्यावर शाम्पू लावण्याजोगे केस आहेत. ते चार महिन्यांचं असूच शकत नाही. पुढच्या बाजूला काय काय नाही त्याची यादी. सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही, कृत्रिम रंग नाही, अश्रू नाहीत. आमच्या लहानपणी साबणात काय आहे ते सांगून साबण विकायचे. आता काय नाही ते सांगून विकतात, आणि जितकं जास्त नाही तितकी किंमत जास्त. पाचव्या बाटलीत इतक्या गोष्टी नव्हत्या की मी ती कानाशी धरून हलवून पाहिली. २०० मिलिलीटर, ६४९ रुपये.

मत नसलं तरी भिंग माझ्याकडे आहे. एका रात्री सगळे झोपल्यावर मी पाचही बाटल्या उलट्या केल्या.

आता हे जरा नीट ऐका, पुन्हा कुणी सांगणार नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलाचा नियम असा की, एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमानं. म्हणजे पहिलं नाव यजमानाचं, पुढची मानकऱ्यांची, आणि एक टक्क्याच्या रेषेखाली सगळी आगंतुक मंडळी पंगतीत कुठेही बसू शकतात. पाचही बाटल्यांत यजमान 'अॅक्वा'. अॅक्वा म्हणजे पाणी. लॅटिनमध्ये लिहिलं की पाण्याचाही भाव वाढतो. त्यानंतर फेस करणारे दोन-तीन, त्यांना घट्ट करणारा एखादा, आणि बाटलीवर जिचा फोटो आहे ती जास्वंद? ती टिकवणाऱ्या रसायनाच्याही पलीकडे, पंगतीच्या अगदी शेवटी, पत्रावळी उचलायला उभी.

टिकवणारं रसायन असतंच. असायलाच हवं. पाण्यात झाडपाल्याचा अर्क घालून बाटलीत भरला आणि न्हाणीघरात ठेवला की दोन-चार दिवसांत त्यात बुरशीचं बाळ जन्माला येतं. रिठे भिजवलेलं पाणी ज्यानं तिसऱ्या दिवशी हुंगलं आहे त्याला हे भिंगाशिवाय कळतं.

खरी गंमत मात्र दुसऱ्या ओळीत होती. जी बाटली निवडणुकीत आघाडीवर होती, तिच्यावर पाण्यानंतरचं नाव होतं 'कोको ग्लुकोसाइड'. निखिल म्हणाला, "कोको म्हणजे चॉकलेटचं काहीतरी." मधुरा म्हणाली, "ग्लुको म्हणजे ग्लुकोज. म्हणजे खाल्लं तरी चालेल." दोघंही इंजिनिअर आहेत. कोको म्हणजे इथे नारळ. खोबरेल तेलापासून एक मेदाळ अल्कोहोल काढतात, त्याला ग्लुकोज जोडतात, झालं कोको ग्लुकोसाइड. सौम्य, शहाणं, फेस जेमतेम. आणि ज्याच्या नावानं सी विंगमध्ये रात्री बोटं मोडली जातात ते सोडियम लॉरिल सल्फेट? तेही खोबरेलापासून. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, लॉरिल हे नावच तिकडचं. पामच्या बियांच्या तेलापासूनही दोन्ही करतात, पण त्यानं गोष्ट बदलत नाही. दोघं एकाच माडाची पोरं. एक शिकून सवरून सौम्य बोलायला लागला, दुसरा अंगावर येतो. सख्खे भाऊ. आणि आपण एकाला 'निसर्ग' म्हणतो, दुसऱ्याला 'केमिकल'.

सल्फेट त्वचेला जरा जास्तच कोरडं करतं, बाळाला ते नको, हे खरंच आहे. मधुराचा निष्कर्ष बरोबर, गणित चुकलेलं. शाळेत याला अर्धे गुण मिळायचे.

पण मग मी उत्साहाच्या भरात पुढचं बोललो, आणि तिथे माझी हजेरीसुद्धा धोक्यात आली. अमेरिकेत त्वचेच्या अॅलर्जीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था दरवर्षी 'अॅलर्जन ऑफ द इयर' जाहीर करते. वर्षाचा मानकरी म्हणा. २००४ साली हा मान कोकामिडोप्रोपिल बीटेनला मिळाला, जे पाचांपैकी चार बाटल्यांत होतं आणि नारळाचंच नातवंड आहे. २०१७ साली मिळाला ग्लुकोसाइड घराण्याला. म्हणजे आमच्या आघाडीच्या उमेदवाराच्या कुळाला. याचा अर्थ ती वाईट आहेत असा नाही. फार थोड्यांना त्रास होतो, डॉक्टरांनी लक्षात ठेवावं म्हणून नाव पुकारतात. हे मी सांगितलं. पण तोपर्यंत मधुराचे डोळे भरून आले होते, कारण 'अॅलर्जी' आणि 'चिऊ' हे दोन शब्द एका दमात ऐकण्याची तिची तयारी नव्हती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंग खिशात घातलं.

"कशाला हवेत ते शाम्पू? शिकेकाई आहे, रिठा आहे. आपली पोरं नाही वाढली?" हा सौभाग्यवतींचा ठराव. ठराव मांडणं सोपं असतं, मी अनुमोदन देऊ शकलो नाही. कारण मी ती वाढलेली पोरं आहे.

चिपळूणच्या आमच्या घरी रविवारी न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटायचा. सोडणं आणि करवंट्यांचा धूर, त्यात आईचा आवाज, "डोळे मीट." मी मिटायचो. शिकेकाईचं ते तांबूस पाणी पापण्यांची चौकशी न करता आत जायचं. मी बोंब मारायचो, आणि बोंब मारताना माणसाचे डोळे उघडतात, हा शरीरशास्त्राचा नियम आईला माहीत नव्हता. मग उरलेलंही आत. रिठा असला तर विचारूच नका. सोनार चांदीचा काळेपणा ज्यानं घालवतो ते रिठ्याचं पाणी होतं ते. शिकेकाईत काय, रिठ्यात काय, सॅपोनिन नावाचा फेसाळ पदार्थ असतो आणि तो शंभर टक्के नैसर्गिक आहे. शंभर टक्के नैसर्गिक असण्याचा आणि डोळ्याला न झोंबण्याचा काडीइतकाही संबंध नाही. कण्हेरही नैसर्गिकच आहे.

डोळ्यांत पाणी येऊ नये याची सोय झाडानं केली नाही, कारखान्यानं केली. जॉन्सन अँड जॉन्सननं १९५३ साली बाळांचा शाम्पू काढला तो साबणाला फाटा देऊन, अॅम्फोटेरिक जातीचे घटक वापरून. अॅम्फोटेरिक म्हणजे ज्या रेणूवर धन भारही असतो आणि ऋण भारही. परिस्थिती बघून कुठल्याही बाजूचा होतो, कुणाला टोचत नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यात असे रेणू पुष्कळ आहेत, पण ते विधानसभेत. सांगायचा मुद्दा, 'टिअर-फ्री' आणि 'शुद्ध नैसर्गिक' हे दोन दावे एकाच बाटलीवर शेजारी शेजारी छापणं म्हणजे उपासाच्या ताटात कोंबडी वाढून दोन्हींचं पुण्य मागणं.

आता 'ऑरगॅनिक'. खाण्याच्या पदार्थाला ऑरगॅनिक म्हणायचं तर आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत, प्रमाणपत्र लागतं, 'जैविक भारत'चं चिन्ह लागतं. कोथिंबिरीची जुडी ऑरगॅनिक म्हणून विकणाऱ्याला कागद दाखवावे लागतात. शाम्पूसाठी असा कायदा नाही. शाम्पूवाला तो शब्द उच्चारून मोकळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या की 'नॅचरल', 'ऑरगॅनिक' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरू नका. वाचून मला भरून आलं. मी लगेच त्या आघाडीच्या बाटलीवरचा टोल-फ्री नंबर फिरवला.

"सर, आमचं प्रॉडक्ट नॅचरली डिराइव्ड आहे." मुलगी गोड होती.

"म्हणजे काय?"

"म्हणजे सर, नेचरमधून आलेलं."

"बेटा, मी कारखान्यात डांबरापासून रंग बनवायचो. डांबर येतं दगडी कोळशातून. दगडी कोळसा म्हणजे तीस कोटी वर्षांपूर्वी गाडलेली जंगलं. म्हणजे माझे रंगही वनौषधीच की."

थोडा वेळ संगीत वाजलं. सतारीचं, नैसर्गिक. मग ती म्हणाली, "सर, तुमच्या फीडबॅकबद्दल धन्यवाद. तुम्हाला पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट देऊ का?" मी हो म्हणालो. माणूस तत्त्वाचा असला तरी पेन्शनर असतो.

एक आठवलं म्हणून सांगतो, विषयाला धरून नाही. शाम्पू हा शब्द आपलाच. हिंदीतल्या 'चांपो'चा, म्हणजे चंपीचा. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला शेख दीन मोहम्मद नावाचा गडी इंग्लंडला गेला, १८१४ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यानं न्हाणीघर थाटलं आणि गोऱ्या साहेबांना वाफेत बसवून त्यांचं अंग रगडायला लागला. चौथ्या जॉर्जचा आणि पुढे चौथ्या विल्यमचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला. राजाचे हातपाय चेपून सर्जन! बाटली नाही, पान नाही, थेंब नाही, नुसते हात. आमच्याकडे चिऊला न्हाऊ घालायला येणाऱ्या शेवंताबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, त्याला महिन्याचे किती मिळायचे?"

सतरा दिवसांत एकदा बालरोगतज्ज्ञांकडेही जाऊन आलो. चिऊच्या टाळूवर पिवळसर खपल्या धरल्या होत्या. चिऊला त्यांचं काही नव्हतं, बाकी सगळ्यांना होतं. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, "होतं असं. आपोआप जाईल. आंघोळीआधी थोडं तेल लावून मऊ ब्रशनं सोडवा." शाम्पू कुठला? "या वयात कोमट पाणी पुरतं. फार तर आठवड्यातून एक-दोनदा, सौम्य कुठलाही, वास नसलेला." कुठलाही! पाच बाटल्यांचे फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवून मधुरा बसली होती. धुरी नको, काजळ नको, पावडर नको, अशी त्यांचीही 'नाही'ची यादी होती. ती बाटलीवर छापली असती तर त्यांची फी दुप्पट झाली असती. वास नसलेला म्हटल्यावर तीन बाटल्या जागीच बाद झाल्या. त्यांत लव्हेंडर होतं, टी-ट्री होतं. सुगंधी तेलं झाडाचीच असतात, आणि अॅलर्जी द्यायला झाडाला कुणाची परवानगी लागत नाही.

परत येताना रिक्षात मधुरा म्हणाली, "नुसतं कोमट पाणी म्हणे."

आणि तिथे, स्टेशनच्या पुलाखाली गाडी अडकलेली असताना, माझ्या तोंडून नको तो प्रश्न गेला. "पाणी कुठलं?"

कारण आमच्या टॉवरला पाणी टँकरचं येतं. टँकर कुठून येतो हे सोसायटीच्या सेक्रेटरींना माहीत नाही, टँकरवाल्याला माहीत आहे पण तो सांगत नाही. बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. चिऊच्या आंघोळीला असं पाणी दहा लिटर लागतं आणि शाम्पू पाच मिलिलीटर. आम्ही सतरा दिवस पाच मिलिलीटरवर बसलो होतो.

आणि हे गाव कुठलं? २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. गाड्यांच्या टपांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर हिरवे थेंब. मी तेव्हा कामावर होतो. लॅबमधले आम्ही चौघं खिडकीतून ती छटा निरखत एकमेकांना हळूच विचारत होतो, "आपली तर नाही ना?" २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. मुख्यमंत्री येऊन बघून गेले. तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो, त्यामुळे तो गुलाबी मला जास्त मोकळेपणानं बघता आला. रात्री वारा फिरला की आमच्या सातव्या मजल्यावर अजून एक वास येतो. पाळणाघर, शाळा, नाट्यगृह, सगळं त्याच वासात. मग आम्ही खिडक्या लावतो आणि आत बसून बाटलीवर 'टॉक्सिन-फ्री' लिहिलं आहे ना ते तपासतो.

हे सगळं मी रिक्षात बोललो. एकतीस वर्षांचं साचलेलं होतं, बाहेर आलं.

मधुरा बराच वेळ गप्प होती. चिऊचं टोपडं नीट करत होती, जे आधीच नीट होतं. मग म्हणाली, "बाबा, हवा नाही बदलता येत मला. टँकर नाही बदलता येत. घराचा हप्ता अजून अठरा वर्षं आहे, म्हणजे गावही नाही बदलता येत. बाटली बदलता येते. ती तरी बदलू द्या."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नलकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी बैठक संपली. कोको ग्लुकोसाइडवाली बाटली, ६४९ रुपये, मताधिकार नसलेल्या सभासदाच्या दहा टक्के सवलतीसकट, एकमतानं निवडून आली. सौभाग्यवतींनी तिला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवंताबाईंना बोलावून समजावण्यात आलं की आता डाळीचं पीठ बंद, साय बंद, आठवड्यातून दोनदा हे, एवढंसं, नाण्याएवढं.

शेवंताबाई पाटावर पाय पसरून बसल्या, चिऊला नडग्यांवर पालथं घातलं. बाटली उघडली, हुंगली, थोडं तळहातावर घेऊन चोळून पाहिलं. "याला तर फेसच नाही." मग दाराशी मधुरा नाही हे बघून बाटलीचं झाकण लावलं, कठड्यावर ठेवली आणि तांब्या उचलला. "अकराव्या महिन्यात जावळ करणार ना? मग? कशाला उगाच." कोमट पाणी, पुन्हा कोमट पाणी, हातानं हलकेच चोळणं, टॉवेल. चिऊ हसत होती. न्हाणीघराच्या दारातून मी हे सगळं पाहिलं आणि शेवंताबाईंनी मला पाहिलं. आमचा दोघांचा त्या दिवसापासून एक करार आहे.

महिना झाला. चिऊच्या टाळूवरच्या खपल्या गेल्या. केस चाळीसाचे साठ झाले असावेत, मोजू देत नाहीत आता. मधुरा रोज बाटली उजेडात धरून बघते आणि पातळी खाली गेलेली पाहून तिला बरं वाटतं. काल रात्री पावणेतीनला तिनं सी विंगवर लिहिलं की हा शाम्पू फारच मानवला आहे, केसांना काय चमक आली आहे बघा, आणि सोबत चिऊचा फोटो. आज तीन बाटल्यांचा पॅक मागवला.

मी काही बोललो नाही. बोलणार तरी काय? परवा रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना मी न्हाणीघरात गेलो, कठड्यावरची बाटली घेतली आणि डोक्यावर कानांच्या वर जे काही उरलं आहे त्याला नाण्याएवढा शाम्पू लावला, गेले चार रविवार लावतो आहे तसा. वरून तांब्यानं पाणी ओतलं. आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, रविवारच्या न्हाण्यात, डोळे सताड उघडे ठेवून समोरच्या टाइलकडे बघत बसलो.